सोळा चिंचोक्यांचा घसारा

चेन्नईत येऊन मला सतरा वर्षं झाली. माझं तमिळ अजून तोडकंमोडकंच आहे. राग मात्र अस्सल सातारी, त्यात इथल्या उकाड्यानंसुद्धा काही फरक पडलेला नाही. त्या रागाच्या भरात मी एकदा एका भल्या माणसाला नको ते बोलून बसले, आणि त्याच माणसामुळे मला पुढं खुर्ची मिळाली. त्याचे आभार मी तोंडावर कधी धड मानले नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

खुर्ची म्हणजे खरीखुरी, चार पायांची, पाठ असलेली. माझे यजमान नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते. ते गेले तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. पुढं अनुकंपेवर त्याच कार्यालयात मला नोकरी मिळाली, पण ती शिपायाची. साहेबांच्या केबिनबाहेर माझ्यासाठी एक नवंकोरं लाकडी स्टूल आणून ठेवलं होतं. त्यावर बसायचं, घंटी वाजली की उठायचं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, चहा सांगायचा. मी बी.ए. झालेली आहे, हे तिथं कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता. त्या स्टुलावरून यजमानांचं टेबल बरोबर समोर दिसायचं आणि त्यावर दर दोन-तीन वर्षांनी नवीन माणूस यायचा.

शिपायाचा कारकून व्हायला आमच्या खात्याची एक परीक्षा असते. तिला तीनदाच बसता येतं. तीनदा नापास झालात की निवृत्तीपर्यंत स्टूल तुमचं आणि तुम्ही स्टुलाच्या. पहिल्या खेपेला मी गणितात आपटले. इंग्रजी ठीक होतं, सामान्य ज्ञान तर उत्तम होतं, कारण साहेबांचा पेपर त्यांच्या आधी मीच वाचायची. पण शेकडेवारी म्हटली की मी पानच उलटायची. त्यातही एक प्रकार मला अगदी वैऱ्यासारखा वाटायचा. एका यंत्राची किंमत चौसष्ट हजार रुपये आहे. ती दर वर्षी पंचवीस टक्क्यांनी घटते. तर तीन वर्षांनी किंमत किती? ते यंत्र काय करतं, कुणी घेतलं, त्याला कधी कुणी तेलपाणी केलं की नाही, काही सांगत नाहीत. बिचारं नुसतं घटत राहतं.

आम्ही पश्चिम मांबळममध्ये एका जुन्या घराच्या मागच्या भागात भाड्यानं राहतो. इथं अशा भागाला ‘पोर्शन’ म्हणतात. पुढच्या भागात घरमालक काका आणि काकू. काका मूळचे तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी ऐकली की वाटायचं, कुणीतरी जुना कागद वाचून दाखवतंय, तेही तमिळच्या चालीवर. पहिल्या दिवशी त्यांनी मला “तुम्ही कोठचे?” असं विचारलं, तेव्हा परक्या गावात कानाला मराठी लागली म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ते ‘अम्मा’ म्हणत. इथं थोरामोठ्या पुरुषांनी बाईमाणसाला आदरानं अशीच हाक मारायची रीत आहे.

काकांचा पेशा गमतीचा होता. एका विमा कंपनीसाठी ते नुकसानीची पाहणी करायला जात. जॉर्ज टाउनमध्ये एखाद्या व्यापाऱ्याचं गोदाम जळलं, पुरात कुणाची गाडी बुडाली, कोवलमला वादळात होडी फुटली, की काका पिशवी घेऊन हजर. वस्तू घेतली कधी, केवढ्याला, आता तिची किंमत काय, हे ते ठरवत. म्हणजे घसारा हेच त्यांचं चाळीस वर्षांचं पोट. हा शब्द मीच त्यांना सांगितला. ते ‘डिप्रिसिएशन’ म्हणायचे. “घसारा!” असं दोनदा म्हणून त्यांनी तो वहीत टिपून ठेवला.

पहिल्यांदा नापास झाल्याचं कळल्यावर तेच म्हणाले, “डिप्रिसिएशन मी सांगतों की, अम्मा. अस्के गणित मला पाठ.” अस्के म्हणजे सगळे.

झालं, संध्याकाळी मी कार्यालयातून आले की पुढच्या ओट्यावर आमचा वर्ग भरायला लागला. काकांची पद्धत एकदम सोपी होती. पंचवीस टक्के दर वर्षी, तीन वर्षं, म्हणजे पंच्याहत्तर टक्के गेले. चौसष्ट हजारांतले अठ्ठेचाळीस हजार गेले, सोळा हजार राहिले. संपलं! फुटपाथवरून घेतलेल्या माझ्या जुन्या पुस्तकाची उत्तरांची पानं आधीच्या कुणीतरी फाडून नेली होती, पण त्यावाचून आमचं काही अडत नव्हतं. कारण प्रत्येक गणिताखाली चार पर्याय असायचे आणि त्यांत आमचं उत्तर हमखास असायचं. सोळा हजार दिसले की मी टाळीच वाजवायची. परीक्षा काढणारे लोक चुकणाऱ्यांसाठीही एक पर्याय मांडून ठेवतात, हे तेव्हा ना मला माहीत होतं ना काकांना.

अभ्यास कंटाळवाणा झाला की काका गोष्टी सांगायचे. त्यांची आवडती गोष्ट कोवलमची. वादळात एका कोळ्याच्या होडीचं इंजिन निकामी झालं होतं. काका पाहायला गेले. इंजिन आठ वर्षांचं. त्यांच्या कार्यालयाच्या कोष्टकाप्रमाणे वर्षाला वीस टक्के, म्हणजे पाचव्या वर्षीच किंमत पूज्य, शून्य. काकांनी तसं त्याला सांगितलं. तो कोळी कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “सार, तीन वर्षांपूर्वीच ते पूज्य झालं म्हणता. मग परवापर्यंत मी समुद्रात कशावर जात होतो?” हे सांगताना काका इतके हसायचे, की काकू आतून “पुरे, पुरे” म्हणायच्या. “अशा माणसाला काय उत्तर द्यायचं, सांगा!” आणि मीही हसायची.

दुसरी परीक्षा मी मोठ्या थाटात दिली. घसाऱ्याची तीन गणितं आली, तिन्ही फटाफट सोडवली. आमचं उत्तर तिन्हींच्या खाली होतंच. बाहेर येऊन मी मुलीसाठी मुरुक्कू घेतले आणि काकांसाठी म्हैसूरपाक.

निकाल लागला. दोन गुणांनी गेले.

दोन गुण म्हणजे काय, ते स्टुलावर बसलेल्या माणसाला विचारावं. मी रजा टाकून घरी बसले आणि चिडून तेच जुनं पुस्तक पुन्हा सोडवायला घेतलं, कुठं चुकलं ते बघायला. मुलगी आठवीत होती. तिनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “आई, हे तप्पु आहे.” तप्पु म्हणजे चूक. मी म्हटलं, “तुला काय कळतंय? काकांनी शिकवलंय.” तिनं दप्तरातून तिचं गणिताचं पुस्तक काढलं आणि घसाऱ्याचं पान माझ्यासमोर धरलं. दुसऱ्या वर्षीचे पंचवीस टक्के पहिल्या किमतीतून काढायचेच नसतात. पहिल्या वर्षानंतर जे उरलं, त्यातून काढायचे. चौसष्टचे अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीसचे छत्तीस, छत्तीसचे सत्तावीस हजार. पर्यायांत सत्तावीस हजारही होतेच, पहिल्यापासून माझ्याकडे बघत.

मी तशीच चप्पल न घालता पुढच्या ओट्यावर गेले. काका पेपर वाचत होते. मी मुलीचं पुस्तक त्यांच्या पेपरवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, “छापण्यात चूक आहे हो. चाळीस वर्षं मी हेंच केलों.”

माझा तोल गेला. मी म्हटलं, “चाळीस वर्षं तुम्ही लोकांची इंजिनं शून्यावर आणलीत, आता मला आणलंत. तुमच्या नादी लागून माझं वर्ष गेलं. आता एकच खेप राहिली, ती गेली की मी मरेपर्यंत शिपाईण.” काकू दारात येऊन उभ्या होत्या. काका पेपरची घडी घालत राहिले, उलगडून पुन्हा घालत राहिले. मी पुस्तक उचललं आणि निघून आले.

त्यानंतर आठ दिवस बोलणं बंद. मी मागच्या दारानं जायची-यायची. पण काकूंची वाटी काही बंद झाली नाही. रोज सकाळी आमच्या खिडकीत झाकलेलं काहीतरी असायचं, एक दिवस रसम, एक दिवस डांगर पच्चडी. डांगर आमच्याकडेही करतात, माझी आई करायची. तीन दिवस मी त्याला हात लावला नाही, मुलगीच मिटक्या मारत खायची. चौथ्या दिवशी मीही खाल्लं. राग होता, पण डांगराशी माझं काही भांडण नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी मी हातपंपावर घागर भरत होते. काका मागच्या अंगणात आले. त्या घरात अकरा वर्षं राहत होते मी, पण ते कधी मागे आलेले मला आठवत नव्हतं. इस्त्री केलेला सदरा घातला होता, कुणाकडे समारंभाला निघाल्यासारखा. हातात कागदांची चवड आणि एक कापडी पिशवी. पंपाजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अम्मा, ती मुलगी सांगितली तेंच सरी, तेंच बरोबर. चूक माझी.”

मी घागरीतच बघत होते. पाणी काठोकाठ भरून वाहायला लागलं तरी माझा हात थांबेना.

“आठ दिवस मी बसून पाहिलों,” हातातले आकडेमोडीचे कागद पुढं करत ते म्हणाले. “आमच्या हापिसाचें कोष्टक वेगळें, परीक्षेचें वेगळें. तें न विचारतां मी तुम्हांस शिकवलों. आणि तो कोवलमचा मनुष्य... तो बरोबर प्रश्न विचारला होता. मी हसलों.”

मला गणित कुणीही शिकवलं असतं. शिकवणीवाले आहेत, फोनवर व्हिडिओ आहेत, माझी स्वतःची पोरगी होती. पण वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, चांगले कपडे करून, भाडेकरणीच्या घागरीशेजारी उभं राहून ‘चूक माझी’ म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. माझ्या माहेरी-सासरी कुणी म्हणाल्याचं आठवत नाही. मी स्वतः तर नाहीच. त्या दिवशीही मी नुसतं “असू द्या हो काका” म्हटलं. तोंडावर वाट्टेल ते बोलायला मी पुढं, आणि माफी मागायची वेळ आली की माझी दातखीळ बसते.

ते तिथंच धुण्याच्या दगडावर बसले आणि पिशवी ओतली. आत चिंचोके होते. काकू दुपारी शेजारणींबरोबर पळ्ळांगुळी खेळतात, लाकडी फळीवरच्या खळग्यांत चिंचोके टाकत जायचा इकडचा बायकांचा खेळ. त्यांचे चिंचोके त्यांना न विचारता उचलून आणले होते. काकांनी मोजून सोळा मांडले. “ही नवीन वस्तू. आतां पंचवीस टक्के म्हणजे चारांतला एक भाग. चार भाग करा, एक उचला.”

मी चार-चारचे चार ढीग केले, एक उचलला. बारा राहिले.

“दुसरें वर्ष. आतां सोळा विसरा. सोळा नाहींतच. समोर काय आहे त्याचे चार भाग करा.”

तीन-तीनचे चार ढीग. एक उचलला. नऊ राहिले. मी नऊ चिंचोक्यांकडे बघत बसले आणि एकदम म्हणाले, “अहो काका, हे आणे आहेत! सोळा आणे, बारा आणे, नऊ आणे.” माझी आई बाजारात माळवं विकायला बसायची. नवे पैसे येऊन जमाना झाला होता तरी तिचा हिशोब आण्यांत चालायचा. दुपारनंतर भाजी सुकली की ती म्हणायची, आता बारा आण्यांवर आली. आणि संध्याकाळी त्या बारा आण्यांतून कमी करायची, सकाळच्या रुपयातून नाही. सकाळचा रुपया सकाळीच गेलेला असायचा. म्हणजे हे गणित माझ्या घरात होतं, मीच त्याला ओळखलं नव्हतं.

काकांनाही लहानपणीचे आणे आठवले. ते इतके खूश झाले, की तिसऱ्या वर्षासाठी धावत जाऊन अडकित्ता घेऊन आले. नऊचे चार भाग होत नाहीत ना. दोन-दोनचे चार ढीग केले आणि उरलेल्या एका चिंचोक्याचे अडकित्त्यानं चार तुकडे. चिंचोका केवढा कठीण असतो! एक तुकडा उडून पंपाखाली गेला, तो आम्ही दोघांनी वाकून शोधला. पावणेसात आणे राहिले. चौसष्ट हजारांत एक आणा म्हणजे चार हजार, पावणेसात आणे म्हणजे बरोब्बर सत्तावीस हजार. चौथ्या वर्षी पाच चिंचोके आणि वर एक कण. पाचव्या वर्षासाठी काका पुन्हा अडकित्ता चालवायला लागले, तेव्हा काकू बाहेर आल्या आणि आपले चिंचोके बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“हें संपतच नाहीं की,” काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी विषय बदलला.

पुढचे सगळे महिने आम्ही चिंचोक्यांवर काढले. साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे. वीस टक्क्यांना आणे चालत नाहीत, तिथं पंचवीस चिंचोके घ्यायचे, मग पंचवीस, वीस, सोळा. काका आता प्रत्येक उत्तर माझ्या मुलीकडून तपासून घेत. आठवीतल्या पोरीपुढं वही धरून उभे राहत आणि ती लाल पेनानं बरोबरची खूण करी. तिला कसलीच भीड नव्हती. एकदा तिनं त्यांना दहापैकी नऊ दिले, तर ते दिवसभर त्या एका गुणासाठी भांडत होते.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी काका फाटकापर्यंत आले. त्यांनी माझ्या हातात एक पुडी दिली. आत सोळा चिंचोके. परीक्षेच्या खोलीत पेनाशिवाय काही नेऊ देत नाहीत, ते मला बाहेर पिशवीत ठेवावे लागले. पण बोटांना ते पाठ झाले होते. घसाऱ्याची दोन गणितं आली. दुसरं उलटं होतं. एका मोटारीची किंमत दर वर्षी पंचवीस टक्क्यांनी घटते, दोन वर्षांनंतर ती साडेचाळीस हजार आहे, तर मूळ किंमत किती? खोलीत सगळे मान खाली घालून लिहीत होते. मी बाकावर डाव्या हाताच्या बोटानं न दिसणारे ढीग मांडले. दोन वर्षांनी नऊ आणे. नऊ आणे म्हणजे साडेचाळीस हजार, तर एक आणा साडेचार हजार, सोळा आणे बहात्तर हजार. खाली बहात्तर हजार होते. एक्क्याऐंशी हजारही होते, माझ्यासारख्या गेल्या वर्षीच्या कुणासाठी तरी मांडलेले. मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं आणि पुढं गेले.

मी पास झाले. यजमानांचं टेबल नाही मिळालं, ते खिडकीशेजारचं मिळालं, पण खुर्ची मिळाली. मुलीनं शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढं स्वतःच्या अक्षरात ‘कारकून’ लिहिलं आणि मला न सांगता त्याचा फोटो काढून काकांना दाखवला. त्या संध्याकाळी काकूंनी पुरणपोळी केली. इकडं तिला बोळी म्हणतात आणि वर तूप आमच्यापेक्षा जास्त घालतात.

टेबलावर बसून महिना झाला असेल, तेव्हा माझ्याकडे निकामी सामानाची यादी आली. मोडकी कपाटं, बंद पंखे वगैरे काढून टाकायचं होतं. प्रत्येक वस्तूपुढं घेतल्याचं साल, मूळ किंमत, आणि दर वर्षी दहा टक्के घसारा वजा करून आजची किंमत लिहायची. सतरावा आकडा होता, स्टूल, लाकडी, एक. मूळ किंमत सहाशे. दहा वर्षं. एक पाय डुगडुगतो, हे यादीत नव्हतं, ते मला माहीत होतं. मी कॅल्क्युलेटरवर दहा वेळा उरलेल्यातून काढत गेले. दोनशे नऊ रुपये आणि वर काही पैसे.

सगळं सामान एका भंगारवाल्यानं घेतलं. फाटकाबाहेर त्याच्या गाडीपाशी मी त्याला गाठलं आणि ते स्टूल मागितलं. तो दीडशेला तयार झाला. मी पूर्ण दोनशे नऊ दिले. बाई बऱ्या डोक्याची नाही, असा चेहरा करून त्यानं पैसे घेतले.

रिक्षात मांडीवर घेऊन मी ते घरी आणलं. काका ओट्यावर उभेच होते. हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसवत नाही. मी स्टूल भिंतीला टेकवून ठेवलं, डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि म्हटलं, “बसा.” ते बसले. मग जुन्या सवयीनं स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, “किती वर्षांचें?”

“दहा.”

“दहा टक्के वर्षाला?” ते हसायला लागले. “मग आमच्या कोष्टकांत हें आज पूज्य, अम्मा.”

मी म्हटलं, “मग काका, तुम्ही आत्ता बसलात कशावर?”